खैरनार साहेबांची उदबत्ती

खैरनार साहेब ज्यांच्या घरी पहिल्यांदा जात, त्यांना तो माणूस फार देवभोळा वाटायचा. चपला दाराशी काढल्या, पाणी प्यायले, खुशाली विचारून झाली, की साहेब शर्टाच्या खिशातून उदबत्ती काढत. सरकारी माणसाच्या खिशाला पेन असतं. यांच्या खिशाला उदबत्ती. ती पेटवून ते सरळ स्वयंपाकघराकडे चालू लागत. घरातली मंडळी हात जोडून मागोमाग. यजमानीण गडबडीने सांगायची, "साहेब, देव इकडे आहेत, या कोनाड्यात."

साहेब देवांकडे ढुंकूनही बघत नसत. उदबत्ती शेगडीपाशी धरायची, मग खिडकीपाशी, मग मागच्या दाराच्या फटीपाशी. डोळे बारीक करून धुराची रेघ कुठे वळते, हवा तिला बाहेर ओढते का, ते पाहायचं आणि निकाल द्यायचा : "खेच नाही. तुमची खिडकी चुकीच्या भिंतीत आहे."

आदल्याच दिवशी वास्तुशांत झालेल्या माणसाला हे ऐकवायला मोठं काळीज लागतं. साहेबांना ते होतं. जीभही होती.

माझ्या मेहुणीच्या लग्नात तर त्यांनी होमाचीच तपासणी केली. मंगल कार्यालयात धूर कोंडला होता, पाहुणे डोळे पुसत होते. बाकीच्यांना वाटलं, मुलीकडची माणसं हळवी आहेत. साहेब उठले, खिशातली उदबत्ती होमावरच पेटवली, सबंध मांडवाला एक फेरी मारली आणि भटजींना म्हणाले, "होम चार हात डावीकडे घ्या आणि तुम्ही तोंड फिरवून बसा."

भटजी म्हणाले, "अहो, शास्त्र आहे."

"शास्त्र असू द्या. धूर कुठं जातो ते सांगा."

भटजींना सांगता आलं नाही. होम सरकवला. त्या लग्नाचे फोटो अजून आमच्याकडे आहेत. त्यात झाडून सगळ्या वऱ्हाडाचे डोळे कोरडे आहेत आणि नवरा पूर्वेला, नवरी जेवणाच्या पंगतीकडे बघते आहे. संसार मात्र दृष्ट लागावी असा झाला. साहेबांनी त्याचंही श्रेय खेचेला दिलं.

"धूर कुठं जातो ते सांगा," हा त्यांच्या आयुष्यातला एकमेव प्रश्न होता. माणूस सटाण्याकडचा. एरवी आमच्यासारखंच बोलायचे, पण फार संताप आला किंवा फार आनंद झाला, की जिभेवर अहिराणी उतरायची आणि तोच प्रश्न "धूर कथा जाई राहिना?" असा व्हायचा. तो तसा झाला की ऑफिसातले शिपाई आधी दरवाजा मोकळा करत आणि मग राग आहे की आनंद याचा अंदाज घेत.

ऑफिस म्हणजे पंचायत समिती. नव्वदच्या सुमाराची गोष्ट. जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरात, हरसूलच्या बाजूला, आमचा कारभार चाले. मी कारकून, खैरनार साहेब विस्तार अधिकारी. सरकारने गरिबांच्या घरांसाठी निर्धूर चुलीची योजना काढली होती. दोन भांड्यांची मातीची चूल, मागे सिमेंटचा पाइप, पाइप कौलातून वर, आणि वर पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून एक टोपी. लाकूड कमी लागतं, धूर घराबाहेर जातो, सामान सरकारचं. इतकी सोपी योजना असूनही ती कोणी अंगावर घेईना. विहिरीच्या योजनेवर माणसं तुटून पडायची, रस्त्याच्या योजनेवर पुढारी तुटून पडायचे. चुलीकडे कोणी फिरकत नसे, कारण चुलीपाशी बायका बसत. म्हणून मग ती योजना खैरनार साहेबांच्या गळ्यात घातली गेली. त्यांनी ती हारासारखी मिरवली.

आमच्याकडे एक जीप होती. तिला ब्रेक आहेत अशी अफवा होती. त्या जीपमध्ये पाइप, टोप्या, चुलीचा साचा आणि वर मी, असा सगळा सरकारी माल घेऊन साहेब पाड्यापाड्यांवर जात. घाट चढताना पाइप मागे घरंगळत, उतरताना पुढे. मी पाइपांच्या दोन्ही बाजूंनी मार खाल्लेला जिल्ह्यातला एकमेव कारकून असेन.

गावात पोचलं की साहेब विजार गुडघ्यापर्यंत दुमडत आणि चिखलात उतरत. माती, भुसा, शेण एकत्र कालवताना त्यांचा चेहरा पुरणपोळीचं पुरण वाटणाऱ्या बाईसारखा तृप्त दिसे. चूल वाळली की परीक्षा. ती उदबत्तीने अर्धीच व्हायची. उरलेली अर्धी भाकरीने. "चूल कागदावर पास होत नसती, भालेराव. भाकर फुगली पाहिजे," ते मला सांगत. मग घरची बाई भाकर टाकायची, ती फुगायची, आणि फुगलेली भाकर वाया कशी घालवायची म्हणून साहेब ती मिरचीच्या ठेच्याबरोबर खायचे. चांगला दिवस असला की ते इतक्या चुली पास करत की परत येताना जीपचा एक टायर बसलेला असे.

लोकही काही कमी नव्हते. पाठ फिरली की पाइपांचे उपयोग सुरू. एकाने न्हाणीचं पाणी काढायला पाइप पुरले. एकाने त्यात कोंबडी उबवायला बसवली. दुसरा कोणी अधिकारी असता तर नोटीस काढली असती. साहेब उकिडवे बसले, पाइपच्या तोंडाशी उदबत्ती धरली आणि म्हणाले, "कोंबडीला खेच चांगली आहे. पिल्लं निघाली की पाइप वर चढवा." पिल्लं निघाल्यावर ते स्वतः जाऊन पाइप चढवून आले. कोंबडी म्हणे त्यांना बघून आडोशाला गेली. तिने त्यांचा आवाज अंड्यावर बसल्या बसल्या ऐकलेला होता.

या सगळ्या घोडदौडीला एका जागी मात्र खीळ बसली. करवंदपाडा. डोंगराच्या कडेला चिकटलेली मूठभर घरं. सगळ्या घरांत चुली बसल्या, आणि टोकाच्या घरातली ठकूबाई ऐकेना.

ठकूबाई एकटी म्हातारी. तिच्या घरातल्या धुराबद्दल मी जे सांगेन ते तुम्हाला खोटं वाटेल, म्हणून थोडं कमी करूनच सांगतो. आमच्यासमोर एक पांढरं मांजर त्या घरात शिरलं आणि काळं होऊन बाहेर आलं. आत चुलीवर बांबूचा माळा टांगलेला, त्यावर मक्याची कणसं, उडदाचं बियाणं, वाळवलेले मासे. सगळ्यांचा रंग एकच. आणि त्या धुरात ठकूबाई, कुंकवासारखे लाल डोळे घेऊन, खोकत, पदराने पाणी टिपत बसलेली. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी साहेबांना स्पष्ट सांगितलं होतं : म्हातारी अशीच धुरात राहिली तर डोळे जातील.

साहेबांनी ते मनाला लावून घेतलं. नवीन बाई भेटली की आधी ते तिचे डोळे बघत. त्यांची स्वतःची बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेली होती, मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल ते कधी बोलत नसत. पण "माय" ही हाक ते म्हाताऱ्यांना फार मनापासून मारत.

"माय, चूल बसव ना."

"नाय बसवायची."

"का नाही?"

"माझं बियाणं किडंल. खालच्या घरात बघ जा. धूर गेला नि उडदात किडं झालं. कौलाखालच्या बांबूचा भुगा भाकरीत पडतो. तुझी चूल लय शहाणी हाय बाबा, माझं घर अडाणी ऱ्हाऊ दे."

साहेब खालच्या घरांत जाऊन बघून आले. म्हातारी खरं बोलत होती. धूर बायकांच्या डोळ्यांत जात होता तसा किड्यांच्याही डोळ्यांत जात होता. दोघांचीही सुटका एकदमच झाली होती. साहेबांनी दोन दिवस विचार केला. मग त्यांनी एक आदेश काढला, अर्थात तोंडी, कारण असला आदेश लिहिला असता तर त्यांना घरी बसवलं असतं. हरसूलच्या बाजाराच्या दिवशी, सकाळी, चुलीच्या मागच्या भोकावरचं भांडं काढून ठेवायचं आणि धूर घरभर फिरू द्यायचा. बायकांनी तेवढा वेळ अंगणात बसायचं. सरकारी निर्धूर चुलीला आठवड्यातून एक दिवस धुराची सुट्टी. बियाणं वाचलं. बायकांना अंगणात बसून गप्पा मारायचा वार मिळाला. त्यावर पुरुषांनी तक्रार केली, ती साहेबांनी ऐकून घेतली नाही.

ही बातमी घेऊन आम्ही ठकूबाईकडे. साहेबांची छाती इतकी फुगलेली की जीपच्या दारातून निघेना.

"आता काय अडचण आहे, माय?"

"नाय बसवायची."

"अगं, बियाणाचं झालं ना?"

"झालं. लय बेस झालं. तरी नाय."

तेव्हा साहेबांची अहिराणी सुटली. मी जीपच्या मागे जाऊन उभा राहिलो. म्हातारीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. एकही शब्द कळला नसावा. मग ती उठली, दारात आली आणि दरीपलीकडच्या डोंगराकडे हात केला. तिकडे उतारावर दुसरा पाडा दिसत होता. नाकासमोर वाटावा इतका जवळ. पण मध्ये खोल नाला, त्यामुळे चालत जायचं तर अर्धा दिवस.

"तठं माझी पोर हाय. चंगुणा. सकाळच्या पारी ती पयलं माझं कौल बघती. धूर निघाला म्हंजी म्हातारी उठली. मंग ती आपल्या कामाला लागती. तुझ्या चुलीचा धूर बघितला म्या, खालच्या घरांचा. बिडीवाणी. त्यो तिला कसा दिसायचा? एक दिस तिला वाटंल, आई मेली. हातातली भाकर टाकून नाला उतरून यील पोर."

सगळी नोकरी साहेबांनी लोकांना धूर कुठं जातो ते विचारण्यात घालवली होती. आणि इथे पहिल्यांदाच कोणीतरी बरोबर उत्तर दिलं होतं. तिचा धूर पोरीकडे जात होता.

ते ओट्यावर बसले. उदबत्ती काढली, पेटवली नाही, पुन्हा खिशात ठेवली. मग म्हणाले, "माय, आणि पोर उठली ते तुला कसं कळतं?"

"कसं म्हंजी? तिच्या कौलातून निघतो ना धूर. मी बी बघती."

"मग डोळे गेल्यावर कशानं बघशील?"

म्हातारीने पदर डोळ्यांना लावला. धुराने की कशाने ते मला सांगता यायचं नाही. मग म्हणाली, "माझा धूर पोरीला दिसला पायजे. मंग बसव."

धूर नाहीसा करण्यासाठी ज्याची नेमणूक झालेली, असा सरकारी अधिकारी पुढचे आठ-दहा दिवस धूर मोठा कसा करावा याच्या विवंचनेत होता. ऑफिसच्या मागच्या आवारात त्याने चूल मांडून प्रयोग केले. एका प्रयोगानंतर आमच्या आस्थापना शाखेतले लोक रुमाल नाकाला लावून रजेवर गेले. अखेर ठकूबाईच्या घरी चूल बसली. पाइपचा एक तुकडा जास्तीचा लावून तो बांबूला तारेने बांधला. पाइप इतका उंच झाला की गिधाडं वळसा घालून जाऊ लागली. आणि तिला सांगितलं, "माय, सकाळी चूल पेटली, खेच लागली, की मूठभर ओला पाला आत टाकायचा. एकच मूठ. मग सुकं लाकूड."

पण साहेबांची परीक्षा अजून बाकी होती. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमाराला त्यांनी मला जीपमध्ये घातलं आणि लांबचा वळसा घेऊन आम्ही दरीपलीकडच्या पाड्यावर, चंगुणाच्या अंगणात हजर. चंगुणा शेण काढत होती. दोन सरकारी माणसं सकाळी सकाळी आपल्या दारात उभी राहून आईच्या घराकडे टक लावून बघताहेत, हे पाहून तिने शेणाची पाटी तशीच धरून ठेवली. गरज पडली तर कामाला येईल म्हणून असावी.

समोरचा डोंगर कोरा. खालच्या घरांच्या पाइपांतून बिडीएवढ्या रेघा. ठकूबाईच्या पाइपातून काही नाही. साहेबांचा चेहरा उतरत चालला. मी त्यांना सांगणार होतो की म्हातारी अजून उठली नसेल, तेवढ्यात त्या पाइपच्या टोपीखालून जाडजूड, पांढरा, गरगरता खांब वर निघाला. मी खोटं सांगत नाही, नाशिकहून कोणी वर बघितलं असतं तर त्यालाही दिसला असता.

चंगुणाने पाटी खाली ठेवली. म्हणाली, "आज आई लय जोरात उठली."

साहेबांनी नुसतं तिच्या दाराकडे बोट केलं. म्हणजे, आता तुझी चूल पेटव, ती वाट बघत असेल. चंगुणाने पेटवली. मग अर्थातच भाकर फुगते का ते बघावं लागलं.

थोड्याच दिवसांनी जिल्ह्याचे मोठे साहेब करवंदपाड्याची पाहणी करायला आले. सगळ्या पाड्याने निर्धूर चुली बसवल्या म्हणून 'धूरमुक्त पाडा' अशी पाटी लावायची होती. पाटी नेमकी ठकूबाईच्या घराजवळ, आणि वेळ सकाळची. पाटीवरचा पडदा दूर झाला आणि तिच्यामागून तो खांब आभाळात चढला.

मोठे साहेब वर बघत म्हणाले, "खैरनार, हा काय प्रकार आहे?"

"साहेब, तो धूर चुलीचा नाही. टपालाचा आहे. चूल आत आहे, बघायला चला."

मोठे साहेब रुमाल नाकाशी धरून आत गेले. थोड्या वेळाने रुमाल खिशात घालून बाहेर आले. आत त्यांना भाकर मिळाली होती, हे मी त्यांच्या मिशीवरून ओळखलं. पुढे कधीतरी आम्ही करवंदपाड्यावर गेलो तेव्हा ठकूबाई दारात बसून तांदूळ निवडत होती. डोळे अजून ओलसर, पण लाल नव्हते. पलीकडचा पाडा बघत म्हणाली, "पोरीनं आज उशीर केला. नातू आजारी दिसतो." आणि तसंच निघालं.

पुढे सरकारने ती योजना गुंडाळली. नव्या योजना आल्या, नव्या जीप आल्या, त्यांना ब्रेक होते म्हणून प्रवासातली मजा गेली. खैरनार साहेब निवृत्त झाले आणि त्यांनी नाशिकला, पेठ रोडला, आमच्या कॉलनीत आमच्याच घरासमोर घर घेतलं. मध्ये फक्त रस्ता. कॉलनीतल्या सगळ्या घरांच्या खिडक्या चुकीच्या भिंतीत आहेत हे त्यांनी पहिल्या आठवड्यातच जाहीर केलं आणि त्यानंतर त्यांना कोणी पूजेलासुद्धा घरात येऊ देईना.

आता त्यांच्याकडे गॅस होता. गॅसला धूर नसतो, म्हणजे त्यांच्या दृष्टीने बघण्यासारखं काहीच नसतं. तरी रोज सकाळी, दूधवाला येऊन गेला की, त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजात एक उदबत्ती लागायची. आमच्या हिला ओट्यापाशी उभं राहून ती समोर दिसायची. धुराची रेघ खिडकीतून बाहेर, रस्त्यावर, आमच्या बाजूला.

"भावजी देव बाहेर ठेवतात की काय?" हिने एकदा विचारलं.

"खेच बघत असतील," मी म्हणालो. "सवय आहे."

ऑगस्टातल्या एका सकाळी हिने ओट्यापाशी उभं राहून हाक मारली. "अहो, भावजींची उदबत्ती नाही आज."

"विसरले असतील."

"ते विसरतील?"

मी चहाचा कप खाली ठेवला. करवंदपाडा, समोरचा कोरा डोंगर, शेणाची पाटी धरून उभी असलेली चंगुणा, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. रस्ता ओलांडताना पायांत चपला नव्हत्या आणि अंगात बनियन होता, हे मला नंतर शेजाऱ्यांनी सांगितलं, तेही हसून. मी दाराची कडी इतकी वाजवली की तिसऱ्या गल्लीतलं कुत्रं भुंकायला लागलं.

दार उघडलं. खैरनार साहेब उभे होते, ठणठणीत. हातात उदबत्तीचा पुडा.

"सादळल्या सगळ्या," ते म्हणाले. "पावसानं. काडेपेटी संपत आली, एक पेटेना." मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. बनियन पाहिला, पाय पाहिले. शेवटी म्हणाले, "पेपर न्यायला आलात काय?"

"हो," मी म्हणालो. "पेपरच."

"माझ्याकडे कुठं पेपर येतो? बसा. चहा टाकतो."

आम्ही चहा प्यालो. बोलणं काहीच झालं नाही, म्हणजे खिडकी, गज, पाऊस याच्यावर झालं. उठताना मी सहज म्हटल्यासारखं म्हणालो, "आज तुमची उदबत्ती नाही, हे आधी हिने बघितलं."

"वहिनींनी?" त्यांनी मान खाली घातली आणि तो ओला पुडा उगाच उलटासुलटा केला. मग हळूच, कोणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू, त्यांच्या तोंडून निघालं, "म्हणजे धूर तथा जाई राहिना." धूर तिकडे जातो आहे.

संध्याकाळी हिने दुकानातून दोन पुडे आणले. एक कोरडा पुडा डब्यात घालून त्यांना दिला. दुसरा आमच्या ओट्यावर. दुसऱ्या दिवशी दूधवाला गेला, समोरच्या गजात उदबत्ती लागली, आणि हिने आमच्याही खिडकीत एक लावली.

समोर खिडकीत साहेबांचा चेहरा आला. ते बराच वेळ बघत होते. रस्त्यावरून रिक्षा गेली, शाळेची मुलं गेली, ते हलले नाहीत. मग खाकरले आणि सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल अशा सरकारी आवाजात म्हणाले, "वहिनी, तुमच्याकडं खेच नाही. उद्या येऊन खिडकी बघतो."

"या," ही म्हणाली. "येताना भाकरीची भूक घेऊन या."